चाळीस कार्डांची मधली भाषा

ये, सरक अशी जवळ. लिहून सांगतेय म्हणून काय झालं, तू समोर बसलीयस असंच धरून चाललेय मी. आणि आधी थोडं ऐकून घे. परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, तुझ्या वरच्या खोलीत ते सर राहायचे ना, त्यांचं तू मशीन होतीस म्हणे?" आणि मी तोंड उघडायच्या आत "मीटिंग आहे, ठेवते" म्हणून फोन ठेवलाससुद्धा. असं करतात का गं? प्रश्न विचारायचा आणि उत्तराच्या वेळी पळून जायचं! पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत एवढा पगार देतात तो याच्यासाठी का? आता उत्तर लांबलचक मिळेल. भोग.

तर होय, होते मी मशीन. चांगली दोन वर्षं होते. आणि मग एका दिवशी मला त्या कामावरून काढलं, तेही मी शहाणी आहे म्हणून.

मखमलाबादचं आमचं घर तुला माहीत आहे. मागे मेथी, कोथिंबीर, कडेला शेवंतीचे दोन वाफे, आणि वर जिन्याची वेगळी वाट असलेली खोली. सर ती बघायला आले तेव्हा पाणी किती वाजता येतं हेही त्यांनी विचारलं नाही. भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "टाचण्या टोचल्या तर चालतील?" तुझे काका म्हणाले, "टोचा की. खिळे नका ठोकू." झालं, भाडेकरू पक्का. सामान म्हणजे एक कंप्युटर, दोन पातेली, एक गादी आणि चपलांच्या खोक्यात रबर लावून ठेवलेली चाळीस कार्डं.

आधी ते नाशकातल्याच एका कॉलेजात शिकवायचे. नोकरी सोडून सहा वर्षं झाली होती. कशासाठी सोडली, तर त्या चाळीस कार्डांसाठी. हे ऐकल्यावर काका मला आत बोलावून हळूच म्हणाले, "पत्त्यांचा नाद दिसतो."

पत्ते नव्हते ते. एकेका कार्डावर एकेक शब्द होता. 'घे', 'ठेव', 'टाक', 'मोठं का बघ', 'मागे जा', असे. ही सरांची भाषा. अख्खी. मी एकदा जिना झाडताना विचारलं, सर, एवढ्याशा शब्दांत काय होणार? तर माझ्या हातातला झाडू बाजूला ठेवून त्यांनी मला पायरीवर बसवलं.

"वहिनी, कंप्युटरला काम सांगायच्या भाषा अनेक. यंत्रांच्या जातीही अनेक. कुठल्याही भाषेत लिहिलेलं कुठल्याही यंत्राला कळायला हवं असेल तर प्रत्येक जोडीला एक दुभाषा लागतो. पाच भाषा, पाच यंत्रं. दुभाषे किती?"

"पंचवीस," मी म्हणाले. बाजारात जुड्या मोजून आयुष्य गेलं, एवढं येतं मला.

"आणि मध्ये एकच भाषा ठेवली तर? पाच जण आपलं म्हणणं तिच्यात आणून देतात, पाच यंत्रं तिच्यातून उचलून नेतात."

"मग दहा."

"दहा!" असे ओरडले की मळ्यातून काका धावत आले. त्यांना वाटलं, साप निघाला.

मी म्हणाले, हे तर आमच्या आबांना येत होतं. आबा बैल घ्यायला बागलाणात जायचे. विकणारा अहिराणी बोलणारा, घेणारा गुजरातकडचा, दलाल आणखी तिसऱ्याच मुलखाचा. पण भाव करायला रुमालाखाली हात गेले की सगळ्यांची बोटं एकच बोलत. कुणालाच दुसऱ्याची भाषा शिकावी लागत नसे. सरांनी हे ऐकलं आणि पुढची सगळी दुपार ते पायरीवरच बसून राहिले. मधूनच स्वतःची बोटं धरून बघायचे.

तू म्हणशील, मावशी, असल्या मधल्या भाषा आता ढिगाने आहेत, फुकट मिळतात. सरांनाही ठाऊक होतं ते. त्यांचं म्हणणं, त्या मोठ्या घरच्या आहेत. कारखान्यातल्या एवढ्या एवढ्या जुन्या यंत्रांना कोण विचारतं? माझी भाषा त्यांच्यासाठी. म्हणून शब्द थोडे.

थोडे म्हणजे चाळीसच. नवा शब्द आत घ्यायचा तर एक बाहेर काढायचा, हा नियम. बाहेर काढलेलं कार्ड ते टाकत नसत. जिन्याच्या भिंतीला टाचणीने लावत, खाली तारीख घालत आणि 'सेवानिवृत्त' लिहीत. वर जाताना एखाद्या कार्डापुढे थांबून म्हणत, "तुम्ही चांगलं काम केलंत." काका म्हणायचे, "या माणसाकडे आलेल्या शब्दांनासुद्धा पेन्शन नाही."

बोलणंही तसंच झालं होतं त्यांचं. एका वाक्यात एक काम. काकांनी खालून हाक मारली, "सर, खाली या आणि जेवून घ्या," की सर खाली येऊन शेवटच्या पायरीवर उभे राहत. "पहिलं झालं." मग काका मुद्दाम, "आता उजवा पाय उचला. आता आत या. आता पाटावर बसा." आणि सर अगदी गंभीरपणे एकेक करत. चेष्टा चाललीय हे त्यांना कळत होतं की नाही, ते मला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. एक वाक्य मात्र नेहमी तोंडात: "मधल्याने हुशारी करायची नाही." दुभाषा असो, पोस्टमन असो, लग्न जमवणारा असो, सगळ्यांना हाच नियम लावायचे.

मी मशीन झाले ती अशी. सरांना आपली भाषा तपासायची होती, पण कंप्युटरवर नाही, हातांनी. कंप्युटर भराभर करून टाकतो, चूक कुठे झाली ते दिसत नाही, असं म्हणायचे. मग माझ्या आठ स्टीलच्या वाट्या घेतल्या. बुडाला खडूने एक ते आठ आकडे घातले. ताटात शेंगदाणे. दुपारची झाकपाक झाली की मी ओट्याजवळ बसायचे, सर समोर स्टुलावर. ते कार्ड वाचणार, मी करणार.

"वाटी घे."

घेतली.

"तीन टाक."

टाकले.

"दुसरी वाटी घे. पहिलीपेक्षा मोठं का बघ."

अशा सातवी शिकलेल्या बाईने बेरजा केल्या, वजाबाक्या केल्या, लोखंडाच्या दांड्यातून पायरीची बुश, म्हणजे यंत्रात बसणारं नळकांडं, कशी कापायची तेही शेंगदाण्यांवर केलं. काय सांगू, छान लागायचं मला. चार वाजता बरोबर उत्तर आलं की सर म्हणत, "यंत्र उत्तम आहे," आणि मी दाण्यांची चटणी करून टाकायचे. चाळीसच्या चाळीस कार्डं मला पाठ झाली. दोन वर्षांत माझ्या वाट्यांवर सरांची भाषा एकदाही चुकली नाही.

आता ज्याच्यावर सगळं अडलं होतं ते सांगते. आठ वर्षांत ती भाषा एकाही खऱ्या यंत्रात गेलेली नव्हती. कोणी घेतच नव्हतं. शेवटी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतले रफिकभाई भेटले. मूळचे मालेगावचे, घरी पूर्वी माग, यांनी वर्कशॉप टाकलं. त्यांच्याकडे लेथच्या, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या, पाच मशिनी, पाचही जुन्या, पाच ठिकाणच्या, पाचही जणींचं बोलणं वेगळं. नवा पार्ट आला की एकच गोष्ट पाच वेळा लिहायची, आणि ज्या माणसाला एक मशीन येतं त्याला दुसरं येत नाही. ते म्हणाले, "सर, दोन मशीनवर करून दाखवा. एक दिवस देतो. जमलं तर पाचीवर घालतो. नाही तर मी तयार सॉफ्टवेअर घेतोय, त्यांचा माणूस रोज येऊन बसतो माझ्या डोक्यावर." सर मला जिन्यात म्हणाले, "वहिनी, यानंतर मी कोणाकडे जाणार नाही. मला आता लोकांच्या ऑफिसात बसवत नाही."

मीपण गेले होते त्या दिवशी. नवी साडी नेसून, आपलं पोरगं परीक्षेला बसवावं तशी.

सरांनी एकदाच लिहिलेलं ते पहिल्या मशीनला जोडलेल्या तळहाताएवढ्या सर्किटात घातलं. मशीन फिरलं. पाणी उडालं. बुश बाहेर पडली. रफिकभाईंनी मापून बघितली, "एकदम बराबर." टाळ्या झाल्या, चहा आला. मी बशीत चहा ओतते न ओतते तोच दुसरी बुश लागली, आणि ते कापायचं हत्यार लोखंडात असं घुसलं, असं किंचाळलं, की बाई गं! रफिकभाईंनी धावत जाऊन लाल बटण दाबलं. हत्याराचं टोक मोडलं होतं. बुश कापून कापून पार बारीक झाली होती.

दुसऱ्या मशीनवर लावून बघितलं. तिथेही पहिली बरोबर, दुसरी तशीच.

सर कागदांत डोकं घालून बसले. रफिकभाईंनी मोडलेलं टोक उचलून रुमालात गुंडाळलं, तेच जास्त लागलं. मी आपली त्या दोन बुशी हातात घेऊन बघत होते. पहिली जेवढी कापली होती, दुसरी बरोबर त्याच्या दुप्पट.

मी म्हणाले, "सर, पहिलीचं उरलंय यात."

"म्हणजे?"

"म्हणजे वाटी धुतलेली नाही. पहिलीचे दाणे आत होते, त्यातच दुसरीचे टाकले."

सर कागद चाळायला लागले. "वाटी धुवायची, हे कोणत्या कार्डावर आहे?"

"कार्डावर कशाला हवं? उष्ट्या वाटीत कोण वाढतं?"

बघ, असं झालं होतं सगळं. सरांच्या स्वतःच्या कंप्युटरमध्ये वाट्या लाखोंनी. मागितली की नवी, कोरी. तिथे कधी अडलं नाही. माझ्याकडे वाट्या आठच, पण दर वेळी मी वाटी रिकामी करून, पदराने पुसून घ्यायचे. हात आपोआप करायचे ते. मला कोणी सांगितलं नाही, आणि मी करते हे सरांना दिसलं नाही. आणि त्या मशीनवरच्या सर्किटात वाट्या मोजक्या, त्याच त्या फिरवायच्या. त्याला सांगितलं 'वाटी घे', त्याने घेतली. आत काय आहे ते बघायला सांगितलंच नव्हतं. दोन वर्षं ती भाषा बरोबर येत होती ती भाषेमुळे नाही, माझ्यामुळे.

रिक्षाने घरी आलो. घरापाशी आल्यावर म्हणाले, "वहिनी, उद्यापासून तुम्ही नको. तुम्ही फार शहाण्या आहात."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. काकांना म्हणाले, दोन वर्षं दुपारची झोप मोडून बसले आणि हे फळ. काका म्हणाले, "अगं, शहाणी म्हणाला ना? मी चाळीस वर्षांत म्हणालो नाही."

मग सुरू झाली दुसऱ्या मशीनची शोधाशोध. ती गंमत तू बघायला हवी होतीस. सर दारात वाटी घेऊन बसत. आत तीन दाणे आधीच टाकलेले. जो येईल त्याला म्हणत, "ही वाटी घ्या. दोन दाणे टाका. किती झाले सांगा." त्यांना असा माणूस हवा होता जो सांगितलं तेवढंच करील आणि पाच म्हणेल.

दूधवाला आला. त्याने आधीचे तीन तोंडात टाकले आणि मग दोन मोजून घातले. "दोन हाय सर. दाणे लय खारट नाय का?"

शेजारच्या शाळेतल्या बाई आल्या. त्यांनी वाटी उपडी करून ठोकली, आत फुंकर मारली. "दोन."

रफिकभाई काही सामान परत द्यायला आले होते, त्यांनाही बसवलं. त्यांनी वाटीत बघितलं आणि माझ्याकडे हात केला. "भाभी, ये तो जूठी है. दुसरी द्या ना."

"बघितलंत?" मी सरांना म्हणाले. "अख्ख्या नाशकात फिरा, तुम्हाला मशीन मिळायचं नाही."

आठवडाभर हे चाललं. शेवटी माझ्याच्याने राहवलं नाही. मी स्टुलावर बसले, कार्डं हातात घेतली आणि म्हणाले, "सर, तुम्ही बसा ओट्यापाशी. मी वाचते." ते बसले. तीच तीन दाण्यांची वाटी पुढे सरकवून मी म्हणाले, वाटी घे. घेतली. दोन टाक. टाकले. किती?

"पाच," सर म्हणाले. लगेच. डोळेसुद्धा न हलवता.

अगं, हा माणूस तीन दिवसांच्या कपात चौथा चहा ओतून पिणारा. त्याला वाटीत काही उरलंय हे दिसणारच कुठून! मी एवढी हसले, एवढी हसले, की काका पुन्हा धावत आले.

तेव्हापासून सर मशीन आणि मी सांगणारी. महिनाभर चाललं ते. मी वही घातली आणि पूर्वी मी आपल्या मनाने काय काय करत होते ते एकेक उघडं पडायला लागलं. चार दाण्यांच्या वाटीतून पाचवा दाणा मागितला की मी पूर्वी 'नाही' म्हणून थांबायचे. सरांनी सरळ शेजारच्या वाटीतला उचलला. मोजून संपेपर्यंत मागे जा म्हटलं आणि मोजायला काहीच नसलं, की मी पूर्वी हसून पुढचं कार्ड घ्यायचे. सर मागे जातच राहिले. अर्धा तास. काकांनी येऊन हात धरला तेव्हा थांबले. अकरा जागा निघाल्या अशा. अकराही ठिकाणी भाषेला भोक होतं आणि त्याच्यावर माझा पदर होता.

आमचं भांडण झालं ते पहिल्याच जागेवरून. सर म्हणाले, 'धू' असं नवं कार्ड घालू, त्यासाठी एक जुनं काढू. मी म्हणाले, नवं कार्ड घातलंत तर लिहिणारा ते वाचायला विसरणार. त्यापेक्षा 'वाटी घे' म्हणजे धुतलेली वाटी घे, असं एकदाच ठरवून टाका. ते म्हणाले, ज्या यंत्रात आधीच धुतलेली मिळते तिथे पुन्हा धुण्यात वेळ जाईल. मी म्हणाले, जाऊ दे. धुतलेली पुन्हा धुतली म्हणून कोणाचं हत्यार मोडलेलं मी बघितलं नाही.

दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. तिसऱ्या दिवशी खाली आले आणि शेवटच्या पायरीवर थांबून म्हणाले, "मी आठ वर्षं एवढंच शोधत होतो, की मध्ये काय ठेवायचं. लोक न सांगता काय काय करतात, ते मोजायचं राहिलं." आणि 'वाटी घे'च्या मागच्या बाजूला माझं म्हणणं लिहिलं. बारीक अक्षरात, पण लिहिलं.

रफिकभाईंकडे पुन्हा जायला ते तयार नव्हते. एकदा तोंड काळं झालं म्हणे. मग मीच फोन केला. रफिकभाई म्हणाले, "भाभी, त्या कंपनीला मी हो म्हणालोय जवळजवळ. पण शुक्रवारी दुपारी मी नमाजला जातो, मशीन बंद असते. तेवढ्यात काय करायचं ते करा. माझं टूल मोडलं तर मात्र सरांना सांगा, चहासुद्धा मिळणार नाही."

त्या शुक्रवारी दहा बुशी काढल्या. दुसरी लागली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. आवाज आला नाही म्हणून उघडले. रफिकभाई परत आले, टोपी खिशात घालून एकेक मापायला बसले. सातवी मापून झाल्यावर म्हणाले, "पुढच्या नाही बघत. बघायची गरज नाही." पाचही मशिनींवर ती भाषा चढायला पुढे वर्ष लागलं, पण चढली. दुसऱ्या कोणी मात्र घेतली नाही, आजपर्यंत. सर सांगत फिरणारे नव्हतेच.

आनंद वगैरे त्यांना झाला असेल. मला दिसला नाही. घरी आले, "यंत्र आता यंत्राचं करील," म्हणाले आणि भर दुपारी गादीवर पडले ते दुसऱ्या दिवशी सकाळी उठले. पुढे सहा वर्षं राहिले आमच्याकडे. गेल्या थंडीत निफाडला बहिणीकडे गेले होते, तिथेच वारले. बहिणीने त्यांचे कपडे कोणाला तरी दिले आणि कागद माझ्याकडे पाठवले. तिला काय करायचं होतं त्याचं.

आणि आता तुला मुद्दाम एवढं का लिहिलं, ते ऐक. मागच्या आठवड्यात रफिकभाईंचा फोन आला. सहावं मशीन घेतलंय, नवीनच जातीचं. "भाभी, सरांचं ते काम पुढे कोण बघतं?"

"मी बघते," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं गं. मग खाली बसले.

पाच मशिनींसाठी जे काही लिहून ठेवलंय ते सगळं जसंच्या तसं चालणार आहे. या सहावीसाठी फक्त एक दुभाषा हवा. मधल्या भाषेत काय म्हटलंय ते मी सांगू शकते, झोपेतून उठवलंस तरी. पण त्या मशीनच्या कानात घालायचं ते लिहिणं मला येत नाही, आणि तुला येतं. रफिकभाईंनी महिनाभर थांबतो म्हटलंय. तोवर झालं नाही तर सहाही मशिनींवर तयार सॉफ्टवेअर घालणार, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, त्यांना धंदा करायचाय. मग ती भाषा येणारी मी एकटी उरेन. एकटीने बोलून काय करू? ती दोघांच्या मध्ये ठेवायची भाषा आहे.

म्हणून म्हणते, ये. या शनिवारी ये, नाही जमलं तर पुढच्या. सकाळच्या बसने निघालीस तर दुपारी जेवायला इथे. दोन दिवसांची सुट्टी काढ, मीटिंगवाल्यांना सांग मावशी आजारी आहे. आणि निघालीस की फोन कर, पण आधी मला बोलू दे.